आईच्या नावावर ६०० नळ्या

“हे कॅथेटर म्हणजे लघवीची नळीच ना गं?”

२०२३ च्या नोव्हेंबरमधली शनिवारची सकाळ. आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी भिंग घेऊन बसली होती, समोर मेडिकेअरकडून, म्हणजे अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याकडून आलेली जाडजूड नोटीस. मी कुकर लावत होते. “हो, पण तू कशाला वाचतेस ते? ते बिल नाहीये,” मी म्हटलं. त्या नोटिशीवर ठळक अक्षरांत तसंच छापलेलं असतं, हे बिल नाही. म्हणूनच आमच्या घरी ती पाकिटं वर्षानुवर्षं न फोडता खणात जात होती.

“बिल नाही तर माझ्या नावावर २०० नळ्या का लिहिल्यात? आणि एकदा नाही, तीनदा.”

मी गॅस बारीक केला आणि तिच्या शेजारी येऊन बसले.

आई वाईची, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती. बाबा गेल्यावर ती आमच्याकडे न्यू जर्सीला आली. ग्रीन कार्डावर सलग ५ वर्षं झाल्यावर तिला मेडिकेअर घेता आलं. हा कार्यक्रम १९६५ साली अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या सहीने सुरू झाला, ६५ वर्षांवरच्या लोकांसाठी. ज्यांनी स्वतः किंवा ज्यांच्या जोडीदाराने इथे साधारण १० वर्षं नोकरी करून कर भरला, त्यांना त्यातला हॉस्पिटलचा भाग फुकट मिळतो. आपले आईवडील उतारवयात येतात, त्यांना तो विकत घ्यावा लागतो. २०२३ मध्ये हॉस्पिटलच्या भागाचे महिन्याला ५०६ डॉलर आणि डॉक्टर, तपासण्या, उपकरणं यांच्या भागाचे १६४.९० डॉलर. एकूण ६७०.९०. आई दर महिन्याला हा आकडा तिच्या वहीत लिहिते. माझ्यासाठी तुमचे एवढे पैसे जातात, ही बोच तिला कायम असते.

नोटिशीत दुसऱ्याच राज्यातल्या एका पुरवठादाराचं नाव होतं. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, प्रत्येक महिन्यात २०० कॅथेटर. पुढे कळलं की मेडिकेअर सहसा महिन्याला जास्तीत जास्त २०० च मंजूर करतं, म्हणजे कोणीतरी मर्यादा बघून नेमका आकडा टाकला होता. दर महिन्याची रक्कम १४०० डॉलरच्या वर. आमच्या दारात नळीचं एक खोकंही कधी आलं नव्हतं.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “ह्यांची नळी मी आठ महिने सांभाळली. पिशवी रिकामी करायची, किती झाली ते लिहून ठेवायचं, जंतू होऊ नयेत म्हणून हात साबणाने स्वच्छ धुवायचे. रात्री ते कण्हले की मी उठायची. नळी म्हणजे काय ते मला माहीत आहे. ज्यांना ती लागते त्यांचे काय हाल असतात तेही माहीत आहे. असं खोटं कोण लिहितं?”

त्या दिवशी तिच्या जागी मी एकटी असते तर कदाचित ‘काहीतरी चूक झाली असेल’ म्हणून सोडून दिलं असतं. तिने सोडलं नाही.

सोमवारी आधी त्या पुरवठादाराच्या नंबरवर फोन लावला. खरंच चूक असेल तर तिथेच निस्तरावी, हा सरळ मार्ग. पाच वेळा लावला. घंटी वाजायची आणि मग आवाज यायचा की निरोपाची पेटी भरली आहे. आमच्यासारखे किती जण तिथे निरोप ठेवून गेले असतील, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

मग मेडिकेअरच्या हेल्पलाइनला, १-८००-६३३-४२२७. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. तुम्ही मुलगा असा नाहीतर सून, कार्ड ज्यांचं आहे त्यांनी स्वतः बोलून परवानगी दिल्याशिवाय ते तुमच्याशी एक अक्षर बोलणार नाहीत. आईला फोनवर इंग्रजी बोलायची भीती वाटते. दुभाषा मागता येतो, तो फुकट असतो, पण तिने नको म्हटलं. नाव, जन्मतारीख, पत्ता तिने शाळेत हजेरी घ्यावी तसं एकेक शब्द तोडून सांगितलं. मग पलीकडच्या बाईंनी विचारलं की हे सामान तुम्हाला मिळालं का. आई म्हणाली, “नो मॅडम. आय हॅव नो कॅथेटर. माय हजबंड हॅड. ही इज नो मोअर.” पलीकडे क्षणभर शांतता. मग त्या बाई इतक्या हळुवारपणे बोलल्या की माझेच डोळे भरून आले.

त्यांनी ज्या डॉक्टरांच्या नावाने ऑर्डर गेली होती त्यांचं नाव वाचून दाखवलं. आम्ही ते कधी ऐकलंही नव्हतं. तक्रार नोंदवून घेतली, नंबर दिला. अख्खं काम ५० मिनिटांचं, त्यातली ३५ मिनिटं वाट बघण्यात गेली.

खरी मदत मिळाली ती सीनियर मेडिकेअर पेट्रोलकडून. १९९७ पासून चालू असलेला हा कार्यक्रम प्रत्येक राज्यात आहे, सरकारी अनुदानावर चालतो आणि त्यात बहुतेक काम स्वयंसेवक करतात, तेही स्वतः निवृत्त झालेले. त्यांचा नंबर ८७७-८०८-२४६८. आमच्या वाट्याला आलेले गृहस्थ आयुष्यभर हिशेबनीस होते. त्यांनी नोटिशीची पानं टेबलावर पसरली, पेन्सिलीने खुणा केल्या आणि म्हणाले, या महिन्यात कॅथेटरचं हेच प्रकरण माझ्याकडे आधीही आलंय.

हे होतं कसं, ते मला त्यांच्याकडून नीट समजलं. मेडिकेअरकडे बिनचूक भरलेला क्लेम आला की ठराविक मुदतीत, साधारण ३० दिवसांत, पैसे द्यावे लागतात. प्रामाणिक डॉक्टरांचे पैसे अडकू नयेत म्हणून केलेली ही सोय. लुटारू तिचाच फायदा घेतात. आधीपासून नोंदणी असलेली एखादी छोटी पुरवठादार कंपनी विकत घ्यायची, चोरलेले नंबर लावून क्लेम ओतायचे आणि चौकशी दारात येईपर्यंत पैसे घेऊन पसार व्हायचं. डॉक्टरांची नावंही पुष्कळदा चोरलेलीच असतात. मी विचारलं, आमच्या खिशातून तर काही गेलं नाही, मग आईला काय तोटा? ते म्हणाले, तिच्या नोंदीत आता लिहिलंय की या बाईंना नळी लागते. उद्या देव न करो खरंच लागली, तर मर्यादा आधीच संपलेली दिसेल. शिवाय डॉक्टर ती नोंद बघून चुकीचा अर्थ लावू शकतात. मला पैशांपेक्षा हे जास्त भयंकर वाटलं.

मग त्यांनी आईकडे वळून विचारलं, कार्डाचा नंबर कुणाला फोनवर सांगितला होता का?

आई मान खाली घालून बसली. “नाही,” म्हणाली.

रात्री मी दूध द्यायला तिच्या खोलीत गेले तेव्हा ती म्हणाली, “मी खोटं बोलले गं.” मे महिन्यात आम्ही दोघं ऑफिसला गेलेलो असताना एक फोन आला होता. मेडिकेअरमधून बोलतोय, जुनं कागदी कार्ड बंद होणार, नवीन प्लास्टिकचं पाठवायचंय, नंबर पडताळून बघू. मुलगा अगदी अदबीने बोलत होता, तिला ‘मॅम’ म्हणत होता. तिने ११ ही अक्षरं-आकडे वाचून दाखवले. फोन ठेवल्यावर शंका आली, पण तुम्ही रागवाल, म्हातारीला अक्कल नाही म्हणाल, म्हणून बोलले नाही. सहा महिने ती हे मनात ठेवून होती. आणि तरीही, पाकीट फोडून भिंगाने वाचणारी तीच होती.

मला स्वतःचीच लाज वाटली. फोन उचलू नकोस, ओटीपी देऊ नकोस, लिंक दाबू नकोस, हे मी तिला ज्या आवाजात सांगत आले, त्या आवाजाला घाबरून तिने हे लपवलं होतं. तुमच्या घरी म्हातारी माणसं असतील तर आधी हा आवाज बदला, हात जोडून सांगते. नंबर गेला तर बदलता येतो. पण त्यांनी आपल्याला सांगायलाच हवं, आणि भीती वाटली तर ती सांगत नाहीत.

दुसऱ्या दिवशी परत हेल्पलाइन. नंबर चोरीला गेलाय म्हटल्यावर मेडिकेअर नवा नंबर देतं. २०१८ च्या आधी कार्डावर सोशल सिक्युरिटीचाच, म्हणजे माणसाचा कायमचा सरकारी ओळखीचा नंबर असायचा, तेव्हा हे इतकं सोपं नव्हतं. नवं कार्ड आलं, कागदाचंच आलं. मग खरी दमछाक. नेहमीचे डॉक्टर, डोळ्यांचे डॉक्टर, रक्त तपासणारी लॅब, औषधांचं दुकान, पूरक विम्याची कंपनी, प्रत्येकाला नवा नंबर कळवायचा. एका दवाखान्याने जुनाच नंबर ठेवला, क्लेम परत आला आणि पूर्ण बिल आईच्या नावाने घरी आलं. त्या बिलाने आई जेवढी घाबरली तेवढी ६०० नळ्यांनीही घाबरली नव्हती. दोन फोन आणि एक खेप घालून ते सुटलं.

आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांकडेही आम्ही तक्रार केली. अमेरिकेत हे कार्यालय १९७६ पासून आहे, खात्याच्या आत राहून खात्यावरच नजर ठेवणारं. त्यांची हॉटलाइन १-८००-४४७-८४७७, ऑनलाइन फॉर्मही भरता येतो. पुरवठादाराचं नाव, तारखा, रक्कम, आमच्या फोनांची टिपणं, सगळं आईच्या वहीतून उतरवलं. पुढे काय झालं ते ते कळवत नाहीत, हे आधीच माहीत असलेलं बरं. आम्हालाही आजतागायत काही कळलेलं नाही. एका ओळखीच्यांनी विचारलं, तक्रार केली की बक्षीस मिळतं ना? ते वेगळं. लिंकनच्या काळातला, १८६३ चा एक कायदा आहे. सरकारला खोटे क्लेम लावणाऱ्याविरुद्ध आतली माहिती असलेला माणूस सरकारच्या वतीने दावा लावू शकतो, आणि वसुली झाली तर त्याला १५ ते ३० टक्के मिळतात. आमच्यासारख्यांसाठी तो नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्तमानपत्रांत बातमी आली आणि आम्ही चाट पडलो. २०२३ मध्ये मूठभर पुरवठादारांनी तब्बल साडेचार लाखांहून जास्त लोकांच्या नावावर कॅथेटरची बिलं लावली होती, रक्कम २ अब्ज डॉलरच्या घरात. हा फुगवटा डॉक्टर आणि हॉस्पिटलांच्या गटांच्या एका राष्ट्रीय संघटनेने आकडे तपासून उघड केला होता. मी आईला वाचून दाखवलं. “साडेचार लाख?” ती म्हणाली. “मग एवढ्या सगळ्यांना त्या मुलाने फोन केला?” नाही, बहुतेकांचे नंबर त्यांच्या नकळत कुठूनतरी चोरलेले होते. तिच्या चेहऱ्यावरचा ताण त्या दिवशी थोडा उतरला. आपण एकट्याच फसलो नाही, एवढ्यानेच.

जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने देशभरातल्या कारवाईची घोषणा केली. ३२४ आरोपी, त्यात ९६ डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट असे परवानाधारक. एकूण १४.६ अब्ज डॉलरचे खोटे क्लेम, आणि त्यातले १०.६ अब्ज एकाच टोळीचे. तिने डझनावारी पुरवठादार कंपन्या विकत घेऊन, दहा लाखांहून जास्त लोकांची माहिती चोरून, मुख्यतः कॅथेटरचेच क्लेम लावले होते. काहींना विमानतळावर पळून जाताना पकडलं, काहींना थेट एस्टोनियात. ४ अब्जांहून जास्त रक्कम हातची जाण्याआधी अडवली गेली. आईने हे सगळं दोनदा ऐकलं. “आपली ती कंपनी आहे का गं यात?” ते कळायला मार्ग नव्हता. तिने वहीत तारीख टाकून १०.६ अब्ज हा आकडा लिहिला, शून्यं मोजून.

आता नोटीस आली की ती वही काढते. डॉक्टरकडे गेलं की तारीख आणि काय केलं ते त्याच दिवशी लिहिलेलं असतं. नोटिशीतल्या ओळीसमोर ती ओळ लावायची आणि तपासलेल्या वहीवर करतात तशी बरोबरची खूण करायची. मागच्या महिन्यात इथल्या मराठी मंडळातल्या ज्येष्ठांच्या बैठकीत तिने हे उभं राहून सांगितलं, फोनवर नंबर दिल्याचंसुद्धा. मी मागे बसले होते. तो भाग ती गाळेल असं मला वाटलं होतं.

चहाच्या वेळी एक काका तिच्याजवळ आले. हातातल्या किराण्याच्या पिशवीत रबर लावलेला पाकिटांचा गठ्ठा होता, एकही न फोडलेलं. मुलाला दाखवायला संकोच वाटतो, म्हणाले. आईने त्यांना शेजारची खुर्ची दिली आणि मला पर्समधलं भिंग काढायला सांगितलं. चौथ्या पाकिटात गुडघ्याचे दोन पट्टे निघाले, त्यांनी कधीच न घेतलेले. मंगळवारी सकाळी १० वाजता ते आमच्याकडे येणार आहेत, हेल्पलाइनला फोन करायला.