माणशी दर विचारू नका, बोटीचा विचारा

गोव्यात कांदोळी-सिकेरीला, कोको बीचवर किंवा बागाच्या वाळूत दोन मिनिटे उभे राहिले की "डॉल्फिन ट्रिप, माणशी ४००" असा पुकारा कानावर येतो. हे ४०० रास्त की जास्त, ते नुसत्या त्या आकड्यावरून कळत नाही. बोटीत आठ जण बसोत की दहा, पेट्रोल जवळपास तेवढेच जळते आणि तांडेलाचा, म्हणजे बोट चालवणाऱ्याचा, रोजही तोच असतो. म्हणून आधी अख्ख्या बोटीच्या एका फेरीचा खर्च काढायचा आणि मग तो माणसांत वाटायचा.

नेहमीची फायबरची बोट घ्या, मागे ४० अश्वशक्तीचे पेट्रोलवरचे मशीन. पूर्ण जोरात पळवले तर असे मशीन तासाला १५ लिटरच्या आसपास पेट्रोल खाते. तासाभराच्या डॉल्फिन फेरीत जेमतेम अर्धा वेळ वेग असतो, बाकी वेळ मशीन मंद किंवा न्यूट्रलला. म्हणजे ८ ते ९ लिटर. पेट्रोल शंभराच्या घरात धरा, तर झाले ९००. तांडेल आणि खलाशी मिळून दिवसाचा रोज २,००० आणि दिवसाला चार फेऱ्या धरल्या, तर एका फेरीवर ५०० पडतात. मशीनची झीज, खाऱ्या पाण्याने खाल्लेले सुटे भाग, परवाना, विमा आणि पावसाळ्याचे चार महिने बोट काठावर ओढून ठेवलेली असते त्याचा भार, असे सगळे मिळून ६०० धरू. एकूण २,०००. मालकाच्या हातात फेरीमागे ८०० तरी सुटायला हवेत, नाहीतर तो हा धंदा कशाला करील? २,८०० झाले. दहा जणांच्या बोटीत सरासरी आठ माणसे मिळतात असे मानले, तर माणशी ३५० पडतात.

रोज आणि पेट्रोलचे आकडे त्या हंगामाचे घाला, रीत हीच. एकदा असा हिशेब मांडला की बाकीचे आपोआप उलगडते. हॉटेलच्या काउंटरवर किंवा रस्त्यावरच्या टपरीवर तीच फेरी ५०० ला सांगतात, कारण विकणाऱ्याचे कमिशन मध्ये येते. ३० टक्के कमिशन गेले की बोटवाल्याच्या हातात ३५० च उरतात. जास्तीच्या दीडशे रुपयांत बोट मोठी होत नाही आणि वेळही वाढत नाही. धक्क्यापर्यंत चालत जाऊन थेट तांडेलाशी बोलणे हाच त्यावरचा उपाय. सहा जणांचे कुटुंब असेल तर माणशी ५०० ने ३,००० होतात, म्हणजे अख्ख्या बोटीपेक्षा जास्त. तिथे कोकणीत सरळ विचारावे, "सगळ्या बोटीचे कितले?" हा प्रश्न ऐकला की समोरचाही वेगळ्या सुरात बोलू लागतो.

पाळोळ्याला हिशेब बदलतो. तिथून बटरफ्लाय बीचकडे लहान होडी नेली आणि तिला दहाएक अश्वशक्तीचे मशीन असले, तर पूर्ण जोरातही तासाला ४ लिटरच पेट्रोल लागते. चालवणारा बहुधा एकटाच. अशा होडीचे तासाला १,२०० ते १,५०० रास्त, आणि हाही दर होडीचा, माणशी नव्हे. काही किनाऱ्यांवर होडीवाल्यांनी आपसांत नंबर लावलेले असतात. तिथे दरावर घासाघीस करून उपयोग नाही, कारण पुढच्याला डावलून मागचा कमी पैशांत निघू शकत नाही. तिथे वेळेवर बोला: तेवढ्याच पैशांत किनाऱ्यावर उतरून पाऊण तास थांबणार का, ते विचारा.

स्वस्ताची भीती मला महागापेक्षा जास्त वाटते. माणशी २०० ला नेतो म्हणणाऱ्याला आठ माणसांचे १,६०० मिळतात आणि बोटीचा नुसता खर्च २,००० आहे. तूट कुठून तरी भरून काढावीच लागते. १४ माणसे कोंबली की पुन्हा २,८०० होतात. नाहीतर फेरी पंचवीस मिनिटांत आटोपते, किंवा खलाशी न घेता तांडेल एकटाच निघतो. मग कोणी पाण्यात पडले तर बोट सांभाळायची की माणूस ओढायचा? २५ डिसेंबर २०२४ ला कळंगुटच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटून एकाचा जीव गेला. बोटीवर नोंदणी क्रमांक आणि किती माणसे न्यायची तो आकडा रंगवलेला असावा. परवाना बंदर कप्तान खात्याचा असतो. पैसे देण्याआधी तो आकडा वाचा आणि आत बसलेली डोकी मोजा. लाइफ जॅकेट सीटखाली रचलेले नको, अंगात हवे. त्याचे बक्कल ओढून बघा. मुलांना मोठ्यांचे जॅकेट चालत नाही. पाण्यात पडल्यावर ते डोक्यावरून निसटते. मुलांच्या मापाचे नसेल तर ती बोट सोडून द्या, दर कितीही चांगला असो.

आता "सात पॉइंट दाखवतो" म्हणून जास्त मागण्याचा प्रकार. आग्वादचा किल्ला, दीपस्तंभ, जुना तुरुंग, एका उद्योगपतीचा बंगला, ही सगळी त्याच एका टेकडीवर आणि तिच्या पायथ्याशी आहेत. बोट डॉल्फिन बघायला मांडवीच्या मुखाकडे निघाली की ती वाटेत दिसणारच. पॉइंट मोजून पैसे वाढवू नका. फक्त दोन गोष्टी विचारा: धक्का सोडल्यापासून धक्क्याला लागेपर्यंत किती मिनिटे, आणि त्यातली मशीन मंद करून थांबण्याची किती.

"डॉल्फिन दिसले नाहीत तर पैसे परत" या हमीला मी मोल देत नाही. दूरवर क्षणभर पाठीवरचा पर वर आला की हमी पुरी झाली, असे म्हणता येते. शिवाय हमी पाळण्यासाठी चार-पाच बोटी एकाच कळपामागे लागतात. इथले कुबडवाले डॉल्फिन किनाऱ्याजवळ आणि नदीच्या मुखाशी राहतात, त्यामुळे हा जाच त्यांना रोज होतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते आहेत. जवळ नेण्यासाठी वरचे शंभर रुपये देऊ नका. मशीन न्यूट्रलला टाकून लांब थांबणारा तांडेल भेटला तर त्याला आवर्जून जास्त द्या. फेरी सकाळची घ्या. दुपारनंतर वारा सुटतो, लाटा उठतात आणि त्यात पाठीवरचा पर शोधणे कठीण जाते.

ग्रँड आयलंडच्या पॅकेजमध्ये खर्चाचे मोठे भाग वेगळे असतात: हॉटेलपासूनची गाडी, जेवण, लांबची बोट, स्नॉर्केलिंग (मास्क लावून, नळीने श्वास घेत पाण्याखाली बघणे). जाहिरातीत "सहा तास" लिहितात, पण पाण्यातली मिनिटे लिहीत नाहीत, तीच विचारायची. एका मास्कमागे किती माणसे रांगेत असतील, हेही विचारा. स्कूबा असेल तर एका प्रशिक्षकाकडे किती जण सोपवणार ते आधी ठरवा. नवख्यासाठी एकास एक असेल तर दर दुप्पट असला तरी तो वाजवी. मांडवी आणि झुवारी गाळ आणतात, त्यामुळे काचेसारख्या निळ्या पाण्याचा फोटो दाखवून कोणी जास्त मागत असेल तर त्या फोटोचे पैसे देऊ नका.

पणजीच्या सांता मोनिका जेटीवरच्या क्रूझचे तिकीट ठरलेले असते. खिडकीवर घ्या, वाटेत गाठणाऱ्या माणसाकडून नको. याहून जास्त त्यात बघण्यासारखे काही नाही.

खाडीतल्या फेऱ्यांत मात्र दरापेक्षा भरती-ओहोटी महत्त्वाची. कुंभारजुवेच्या कालव्यात मगरी थंडीच्या सकाळी, ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलावर ऊन खात पडतात. भरतीला तेवढेच पैसे देऊन नुसती खारफुटी बघून यावे लागते. चोडणच्या सलीम अली अभयारण्यात उलटे: आतल्या नाल्यांत होडी शिरायला भरतीचे पाणी लागते, ओहोटीला ती तोंडाशीच अडते. एका भरतीपासून दुसरी साधारण साडेबारा तासांनी येते, म्हणजे वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. आदल्या दिवशी बुकिंग करताना "सकाळी आठला" एवढे पुरत नाही. त्या दिवशी आठला पाणी चढते आहे की उतरते आहे, ते होडीवाल्याला विचारा. आगाऊ रक्कम एक चतुर्थांशपेक्षा जास्त देऊ नका. पावतीवर बोटीचा क्रमांक, निघण्याची वेळ आणि वारा किंवा पाण्यामुळे फेरी रद्द झाली तर पैसे परत, हे लिहून घ्या.