केरु वोल्तार

पोर्तुगालमधला बार्सेलुश ते पोंत द लीमा हा टप्पा 33-34 किलोमीटरचा. पोर्तोहून निघून तीन दिवस झाले होते की चार, आता सांगता येत नाही. रातेशचं जुनं दगडी चर्च, बार्सेलुशचा कोंबडा, सगळं एकमेकांत मिसळलंय. लख्ख आठवते ती डाव्या टाचेची ठसठस. तिथल्या गावांत ग्रॅनाइटच्या चौकोनी दगडांची फरसबंदी असते. फोड आलेल्या पायाला त्यातला दगड न् दगड वेगळा कळतो.

सान्तियागोच्या तीर्थाकडे नेणारे पिवळे बाण कुठेतरी सुटले. मक्याची शेतं, दगडी खांबांवर चढवलेले द्राक्षांचे वेल, बंद दारं. फोन मेलेला. वाटेत दोन माणसं दिसली, पण मी विचारलं नाही. पाठ केलेली चार वाक्यं तोंडातून फुटेनात, आणि त्याचा राग मी बाणांवर, दगडांवर, सगळ्या कामीन्युवर, म्हणजे या यात्रेच्या वाटेवर, काढत चालले होते. आजीबरोबर आळंदीहून निघाले होते तेव्हा वाट विचारायची वेळच आली नव्हती. दिंडी सुटली तरी लोंढा पंढरपुराकडेच नेतो.

शेवटी एका अंगणात कपडे वाळत घालणाऱ्या आजीबाई दिसल्या. काळा झगा, पायात रबरी बूट. मी म्हटलं, "एश्तो पेर्दीदा." हरवलेय. आणि पुढे, "केरु वोल्तार." मला परत जायचंय.

त्यांनी चिमटा खाली ठेवला. "पारा काझा?"

घरी?

मला म्हणायचं होतं बाणांकडे, वाटेकडे. पण त्यांनी इतक्या सरळपणे विचारलं की मला रडू फुटलं. त्या क्षणी खरंच घरी जायचं होतं. आजीच्या माघारी चालायला निघाले, ती वाट तिची नव्हे, देवही तिचा नव्हे, आणि ती असती तर म्हणाली असती, एवढ्या लांब कशाला गेलीस?

त्यांनी मला पायरीवर बसवलं आणि बूट काढायची खूण केली. टाच बघून "आय, बोल्या" म्हणाल्या, आत गेल्या आणि जाता जाता कुणाला तरी ओरडून सांगितलं. त्यातला एक शब्द मला कळला, बाल्द. बादली! कोमट मिठाचं पाणी आलं. मग साबांव, म्हणजे साबण. मग पांव आणि चीज. बादली, पाव हे शब्द त्यांच्याकडूनच आपल्याकडे आलेत, हे वाचलेलं होतं. पण त्या पायरीवर परक्या बाईच्या तोंडून आपल्या न्हाणीघरातले शब्द ऐकताना छातीत काहीतरी सैल झालं. वारीत फोडातून दोरा ओवायचा असतो. त्यांनी सुई-दोरा आणला तेव्हा मला खूण करावी लागली नाही.

"पारा उ कामीन्यु," मी आता नीट सांगितलं. त्या काठी घेऊन निघाल्याच. मोठा चढ होता, त्या धापा टाकत होत्या, मी नको नको म्हणत होते. तिठ्यावर भिंतीवर दोन बाण, एकमेकांकडे पाठ केलेले. पिवळ्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "सान्तियागो." निळ्यावर ठेवून, "फातिमा." तेही एक तीर्थच. मग स्वतःच्या छातीवर हात.

"आ पे?" मी विचारलं. पायी?

"आ पे." आणि वाकून दोन्ही गुडघ्यांवर थोपटलं. फातिमाला शेवटचं अंतर गुडघ्यांवर जातात, तेही केलं होतं त्यांनी. वारीत भेटल्यासारखी मी त्यांच्या पायांकडे वाकले. त्यांनी दंड धरून उठवलं, कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला आणि मागे न बघता उतरल्या.

लीमाच्या पुलावर पोचायला अंधार झाला. ही नदी ओलांडली की सगळं विसरायला होतं, अशा समजुतीने रोमन सैनिक इथे अडून बसले होते म्हणे. सेनापती एकटा पलीकडे गेला आणि त्याने एकेकाला नावाने हाक मारली. पुलाच्या मध्यावर मी थांबले. बाल्द, साबांव, पांव, सगळं आठवत होतं. नाव मात्र विचारलंच नव्हतं. कोमु स शामा? पाठ केलेलं चौथं वाक्य तेच होतं.