नुसतं इंजिनच का?

गणपतीत घरी येणारी मंडळी आरास बघतात, प्रसाद घेतात आणि जाता जाता टीव्हीशेजारच्या काचेच्या पेटीपाशी थबकतात. आत वीतभर उंचीचं, तीन सिलेंडरांचं, जहाजाचं वाफेचं इंजिन आहे. ‘चालतं का?’ हा पहिला प्रश्न. हाताने फिरवलं तर फिरतं, वाफेवर नाही. दुसरा प्रश्नही दरवर्षी कुणीतरी विचारतंच. ‘‘एवढी मेहनत घेतलीत, तर मग अख्खं जहाजच का नाही केलंत?’’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. जहाज धक्क्यावरून अख्खं दिसतं. इंजिन कुणालाच अख्खं दिसत नाही.

नोकरीची सगळी वर्षं मी इंजिनरूममध्ये काढली. सुल्झर कंपनीच्या तीन मजली डिझेल इंजिनांची हेडं, म्हणजे सिलेंडरांची झाकणं, उघडली, क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या पोटात, रांगत शिरलो, बेअरिंगं बदलली. पण यातलं एकही इंजिन खालपासून वरपर्यंत एका नजरेत पाहिलं नाही. वर उभं राहिलं की हेडं दिसतात आणि पायाखाली लोखंडी जाळी. एक जिना उतरलं की पाइपांचं जंगल. तळाला गेलं की क्रँककेसचे बंद दरवाजे. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांतला मी एक, फक्त मला त्याचा पगार मिळायचा.

निवृत्त झाल्यावर वाटलं, एकदा तरी इंजिन सबंध बघू. डिझेल नको, कारण ते मॉडेलमध्येही बंद कपाटासारखंच दिसणार. वाफेचं ट्रिपल एक्स्पान्शन, म्हणजे एकच वाफ तीन सिलेंडरांत पाठोपाठ वापरणारं इंजिन, मात्र सगळं उघडं. पिस्टनच्या वर-खाली होण्याने शाफ्ट फिरवणारे क्रँक, त्यांना पिस्टनशी जोडणारे कनेक्टिंग रॉड आणि क्रॉसहेड, व्हॉल्व्ह हलवणारे दांडे, काहीच झाकलेलं नाही. म्हणून लिबर्टी जहाजाचं इंजिन निवडलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ही मालवाहू जहाजं 2,710 बांधली. टर्बाइन आणि त्यांचे गिअर युद्धनौकांना हवे होते, म्हणून यांच्या वाट्याला तेव्हाही जुनंपुराणं ठरलेलं हे इंजिन आलं. 2,500 हॉर्सपॉवर, मिनिटाला 76 फेरे, जहाजाला 11 नॉट वेग. मूळ आराखडा इंग्लंडमधल्या संडरलंडचा. त्याच घराण्यातलं एक जहाज आपल्या मुंबईला चांगलंच ठाऊक आहे. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये कापूस आणि दारूगोळ्यासकट उडालेलं ‘फोर्ट स्टिकीन’.

माप फुटाला अर्धा इंच, म्हणजे 1:24. खरं इंजिन 21 फूट लांब, 19 फूट उंच. माझं साडेदहा इंच लांब, साडेनऊ इंच उंच. वजनाचा हिशेब मजेशीर आहे. लांबी 24 पटीने कमी झाली की वजन 13,824 पटीने उतरतं, म्हणजे 135 टनांचे जेमतेम पावणेदहा किलो. माझं साडेसातच भरलं. बेडप्लेट अ‍ॅल्युमिनियमची केली, ही लबाडी कबूल.

सिलेंडरांचे व्यास 26, 39 आणि 74 मिलिमीटर. हे बेढब दिसतं म्हणून लहान मुलं हसतात. पण वाफ तीच असते. ती बॉयलरमधून जोरात येते, पहिल्या सिलेंडरात थोडी पसरते, दुसऱ्यात आणखी, आणि तिसऱ्यापर्यंत तिच्यात दम उरत नाही. दम नसलेल्या वाफेकडून तेवढंच काम काढायचं तर तिला ढकलायला पिस्टनचं मोठं ताट द्यावं लागतं.

सगळ्यात जास्त छळलं ते क्रँकशाफ्टने, म्हणजे तिन्ही क्रँक ज्यावर असतात त्या मुख्य दांड्याने. अखंड सळईतून तो कोरणं माझ्या छोट्या लेथला झेपणारं नव्हतं. मग एक सरळ सळई आरपार घ्यायची, तिच्यात क्रँकच्या जाड पट्ट्या, म्हणजे वेब, जोडीजोडीने ओवायच्या, प्रत्येक जोडीत पिन बसवायची, तिन्ही क्रँक एकमेकांशी 120 अंशांवर लावायचे आणि चांदीचा डाग द्यायचा. डाग देताना शाफ्ट वाकू नये म्हणून मधली सळई तशीच ठेवायची. गार झाल्यावर प्रत्येक जोडीतला सळईचा तुकडा तेवढा करवतीने काढून टाकायचा. पहिल्या खेपेला आठ दिवस खपलो, चहा घेतला, चश्मा पुसला, करवत उचलली आणि मधल्या क्रँकची पिनच कापली. तोंडातून अवाक्षर काढलं नाही, तरी बायकोने आतून विचारलं, ‘‘काय मोडलं?’’

दुसऱ्या खेपेला सळईच्या नको असलेल्या तुकड्यांना तिच्याच नेलपॉलिशने लाल करून ठेवलं.

आता पेटी उघडून फ्लायव्हीलवर बोट ठेवलं की तिन्ही पिस्टन पाठोपाठ उठतात-बसतात. खऱ्या इंजिनावर तेलवाला या फिरत्या क्रँकच्या वाटेत तळवा नेऊन बेअरिंगला ओझरती थाप मारायचा, तापलंय का ते कळायला. एका फेऱ्याला पुरता सेकंदही नाही, तेवढ्यात हात आत आणि बाहेर. मी डिझेलवाला, आमच्याकडे थर्मामीटर होते. मॉडेल फिरवताना मात्र तो हात कुठून शिरत असेल, हे बघितल्याशिवाय राहवत नाही.

एक काम राहिलंय, म्हणजे मुद्दामच राहू दिलंय. खऱ्या इंजिनाभोवती चालण्याच्या जाळ्या असतात, जिने असतात, कठडे असतात. पितळी तारेच्या त्या सगळ्या जाळ्या मी दीड महिना खपून डाग देऊन तयार केल्या, मापात अगदी बिनचूक. एका संध्याकाळी त्या लावूनही पाहिल्या. वरून बघितलं तर सिलेंडरांची डोकी दिसली आणि त्यांच्याखाली जाळी. वाकून बघितलं तर नुसते क्रँक.

रात्रीच सगळ्या काढल्या. बिस्किटांच्या डब्यात ठेवल्यात, हव्या तर दाखवतो.