दहा पसंत्या आणि एक दोनशेपानी वही

अकरावीच्या ऑनलाइन प्रवेश अर्जाचा भाग दोन, म्हणजे कॉलेजांच्या पसंत्या, भरायच्या दिवसांत आमच्या शाळेची कॉम्प्युटर लॅब म्हणजे रेशनचं दुकान होतं. 2025 पासून ऑनलाइन प्रवेश सगळ्या राज्याला लागू झाले, पण आम्ही टिटवाळ्याचे, मुंबई विभागातले, त्यामुळे आम्हाला हा प्रकार जुनाच. फॉर्ममध्ये कमीत कमी एक, जास्तीत जास्त दहा कॉलेजं टाकायची. माझी पद्धत ठरलेली होती. मागच्या वर्षीचा कटऑफ काढायचा आणि वरून खाली उतरत यायचं. सकाळपासून पंधरा फॉर्म असेच भरून झाले होते.

सोळावी मुलगी आई आणि मामाबरोबर आली. 500 पैकी 441. मामांनी कटऑफची प्रिंट आणली होती, त्यावर हायलायटरने दादर-माटुंग्याची कॉलेजं रंगवलेली.

"बाई, एक नंबरला हे टाका. लागलं तर लागलं."

मी टाइप करायला घेतलं, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "लागलं तर जावंच लागेल ना, बाई?"

बरोबरच होतं तिचं. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. हे मी दरवर्षी पालकसभेत माइकवरून सांगते. तरी दोन वर्षांपूर्वी एका मुलाला मीच हौसेनं दादरचं पहिलं टाकायला लावलं होतं. पोरगं दिवाळीनंतर कॉलेजला गेलंच नाही. येताजाताना गाडीत उभ्या उभ्या झोपायचा, असं त्याच्या आईनं नंतर सांगितलं.

मुलीनं पिशवीतून दोनशेपानी वही काढली. निकालानंतर ती नऊ कॉलेजांच्या गेटपर्यंत जाऊन आली होती, पहाटेच्या गाडीनं, कॉलेजच्या वेळेला. एकेका कॉलेजला एक पान. 'घर ते गेट 1 तास 52 मिनिटं, कल्याणला चढायलाच मिळालं नाही, एक गाडी सोडली.' 'मुलींचं स्वच्छतागृह: दोन, एकाला कडी नाही.' एका पानावर नुसतं लिहिलेलं, 'झेरॉक्सवाले काका: इथली मुलं जर्नलं फेब्रुवारीत एकदम नेतात.'

"म्हणजे काय?" मामांनी विचारलं.

"प्रॅक्टिकल होत नाहीत, मामा. शेवटी सगळं उतरवून काढतात."

मी त्या पानाकडे बघतच राहिले. इतकी वर्षं मुलांचे फॉर्म भरतेय, पण झेरॉक्सवाल्याला विचारायचं मला कधी सुचलं नाही.

तिला बायोलॉजी हवं होतं आणि पहिल्या नंबरावर कल्याणचं कॉलेज. मामा चिडले. "अठ्ठ्याऐंशी टक्के घेऊन कल्याणला? मग अभ्यास कशाला केलास एवढा?" आई गप्प होती. तिला अकराला साडीच्या दुकानात पोचायचं होतं, एवढंच ती दोनदा म्हणाली.

वहीत एक गोष्ट मात्र निसटली होती. दुसऱ्या नंबराच्या कॉलेजचा तिनं लिहून आणलेला कोड विनाअनुदानित तुकडीचा होता. इमारत तीच, गेट तेच, पण अनुदानित तुकडीचा कोड वेगळा आणि फी कितीतरी कमी. गेटवर उभं राहून हे कळत नाही. मी दाखवलं तेव्हा ती पहिल्यांदाच घाबरल्यासारखी वाटली. अनुदानित तुकडी दोन नंबरला घेतली, विनाअनुदानित खाली सातवर. मामांचं माटुंगा पाचवर आलं. "असू दे, त्यांनाही बरं वाटेल," ती हळूच म्हणाली. मामा तेव्हा बाहेर चहाला गेले होते.

लॉकचं बटण आईनं दाबलं. ओटीपी तिच्याच मोबाइलवर आला.

मी विचारलं, "अगं, ही वही झेरॉक्स करून घेऊ का? बाकीच्या मुलांना दाखवायला."

तिनं जरा विचार केला. "घ्या बाई. पण मागची चार पानं सोडून. तिथे घरातल्या उधारीचा हिशेब आहे."