परीकथांची वही : लाल टोपीचा माग

यंदा सिंड्रेला घ्यायची ठरवली होती, पण लाल टोपीवालीनेच सगळा वेळ खाल्ला.

आपल्याला ठाऊक असते ती ग्रिम बंधूंची गोष्ट (पहिला खंड १८१२चा). शिकारी लांडग्याचं पोट फाडतो, आजी-नात जिवंत बाहेर येतात. फ्रेंच लेखक शार्ल पेरोने १६९७ मध्ये छापलेल्या गोष्टीत शिकारी नाहीच. लांडगा पोरीला खातो, गोष्ट खलास! वर पद्यात तात्पर्य, की गोडबोल्या लांडग्यांपासून पोरींनी जपून राहावं.

फ्रेंच खेड्यांतली तोंडी गोष्ट मला जास्त आवडली. तिथली पोर ‘परसाकडे लागली’ म्हणते, लांडगा पायाला दोरी बांधून तिला बाहेर सोडतो, ती दोरी झाडाला बांधून पसार होते. टोपीचा पत्ताच नाही. मनोविश्लेषक एरिक फ्रॉमने १९५१ मध्ये लाल टोपी म्हणजे पाळीचं प्रतीक असा अर्थ लावला होता. त्यावर इतिहासकार रॉबर्ट डार्न्टनने १९८४ मध्ये बोट ठेवलं : शेतकऱ्यांच्या गोष्टीत जी टोपी नव्हतीच, तिचा अर्थ काय लावता?

मीही डार्न्टनच्या बाजूला झुकलो होतो. पण ही तोंडी रूपं टिपली गेली एकोणिसाव्या शतकात, पेरोच्या कितीतरी नंतर. तोंडी म्हणजे जुनी, असं आपण फार पटकन धरून चालतो. शिवाय लिएजच्या एगबर्टची अकराव्या शतकातली लॅटिन कविता आहेच. तिच्यात बाप्तिस्म्याला मिळालेला लाल अंगरखा घातलेल्या मुलीला लांडगा पळवतो आणि पिल्लं तिला काहीच करत नाहीत. म्हणजे तांबडा रंग पेरोच्या आधीचा, आणि त्याचा संबंध बाप्तिस्म्याशी! पेरोने ही कविता पाहिली होती असं मात्र मी म्हणणार नाही.

यावरून भोपळ्यातली म्हातारी आठवणारच. जंगल, वाटेतलं जनावर, ‘लेकीकडे जाते, लठ्ठ होते, मग खा’ ही थाप. पण लोककथांचे प्रकार क्रमांकाने लावणाऱ्या आर्ने-थॉम्पसन सूचीत लाल टोपी ३३३ क्रमांकाला आणि ‘लठ्ठ होऊ दे’ १२२एफला. मला हे पटतं. नुसतं जंगल सारखं म्हणून दोघींचं नातं जुळत नाही.

आता सोलापुरातच म्हातारीची रूपं गोळा करतोय. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आणि कन्नड बोलणाऱ्या आज्ज्यांकडे विचारणं चालू आहे. तुमच्या घरच्या गोष्टीत वाटेत कोण भेटतं, वाघ की कोल्हा, आणि शेवटी भोपळा फुटतो का, तेवढं कळवा.