तुम्ही विचारलंत म्हणून: कलाकाराला आणि शिक्षकाला घटनेत वेगळी सूट आहे का?

मी राज्यशास्त्र शिकवतो, त्यामुळे कुठे नाटक बंद पाडलं किंवा एखाद्या प्राध्यापकावर गुन्हा दाखल झाला की हा प्रश्न येतोच.

तर आपल्या घटनेत वेगळी सूट नाही. जर्मनीच्या १९४९ च्या घटनेत कला आणि अध्यापन मुक्त असल्याचं स्पष्ट लिहिलंय, आणि लगेच पुढे अशीही अट आहे की शिकवण्याचं स्वातंत्र्य असलं तरी घटनेशी निष्ठा सोडता येणार नाही (ही अट शिकवणाऱ्यालाच बरं का, कलाकाराला नाही). आपल्याकडे कवी, नट, प्राध्यापक सगळे घटनेच्या एकाच कलम १९(१)(अ) खाली, म्हणजे साधं भाषणाचं आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य.

आणि त्या स्वातंत्र्याच्या मर्यादा कलम १९(२) मध्ये. देशाची सार्वभौमता आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता-नीतिमत्ता, कोर्टाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. संपली यादी. त्यातही निर्बंध वाजवी पाहिजे, हा "वाजवी" शब्द १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीत आला, आणि निर्बंध कायद्यानेच घालायचा, साहेबांच्या फोनवरून नाही.

आता या यादीत "भावना दुखावल्या" कुठे दिसतंय का बघा. नाहीये! ते मागच्या दाराने येतं, सुव्यवस्थेच्या नावाखाली. १९५७ साली सुप्रीम कोर्टाने तेव्हाच्या भारतीय दंडसंहितेतलं, धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं कलम २९५अ वैध ठरवलं तेही याच आधारावर, पण जाणूनबुजून, दुष्ट हेतूने केलेल्या धर्माच्या अपमानापुरतं. पुढे १९८९ मध्ये एका तमिळ सिनेमाच्या केसमध्ये त्याच कोर्टाने सांगितलं की मोर्चे निघतील, हिंसा होईल या धमकीपायी अभिव्यक्ती दाबता येणार नाही, बंदोबस्त ठेवणं सरकारचं काम आहे. प्रत्यक्षात काय होतं तुम्हाला माहितीये, दगड मारणारे बाहेर आणि नोटीस नाटकवाल्याला.

कोर्टही नेहमी उदार असतं असं नाही. १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या मासिकात आलेल्या गांधींवरच्या मराठी कवितेबद्दल २०१५ मध्ये निकाल लागला, माफी मागितलेला प्रकाशक सुटला, कवीवरचा अश्लीलतेचा खटला मात्र राहिला, कारण थोर पुरुषांच्या बाबतीत म्हणे मोजपट्टी जास्त कडक. मला हा निकाल अजिबात पटलेला नाही, १९(२) मध्ये थोर पुरुष कुठे आहेत?

शिक्षकांच्या बाजूने मात्र २०२४ चा एक निकाल चांगलाय. कोल्हापूरच्या एका प्राध्यापकाने कलम ३७० हटवल्याचा निषेध व्हॉट्सअॅप स्टेटसवर केला होता, सुप्रीम कोर्टाने गुन्हा रद्द केला आणि पोलिसांनाच अभिव्यक्ती स्वातंत्र्य शिकवायची गरज आहे असं सुनावलं.

पण खरी भीती गुन्ह्याची नसतेच हो, संस्थेच्या मेमोची असते. तो १९(२) मध्ये बसतो का हे विचारायला हायकोर्टात जावं लागतं, आणि कॉन्ट्रॅक्टवरचा लेक्चरर कशाला जातोय, तो सरळ वादाचा धडा पटकन उरकतो.