टॉवेल पापडासारखा का होतो?

आज दोरीवरून काढलेला टॉवेल पापडासारखा कडक, आणि काळ्या कुर्त्यावर पांढरे ओघळ. पावडर कमी पडली असं वाटतं ना? बहुतेकदा जास्त पडलेली असते.

तपासणी सोपी. धुतलेले कपडे पुन्हा मशीनमध्ये घाला, पावडर न टाकता नुसतं रिन्स लावा. काचेतून फेस दिसला तर तो आधीच्या धुण्यातला उरलेला साबण. फ्रंट लोडमध्ये, म्हणजे समोर दार असलेल्या मशीनमध्ये, पाणी कमी, कपडे वरून आपटून स्वच्छ होतात. फेस झाला की ती आपट गादीवर पडल्यासारखी होते, मळ निघत नाही. शिवाय दाराच्या रबरात चिकट थर साचतो, कुबट वास तिथूनच.

7 किलोच्या फ्रंट लोडला, रोजच्या कपड्यांना, मॅटिक (मशीनसाठीचं, कमी फेसाचं) लिक्विड 35-40 मिली पुरे. बादलीची पावडर त्यात नकोच, तिचा फेस फार. अर्धाच ड्रम भरला तर 25 मिली. झाकण भरून ओतायची सवय मात्र सोडा, आतल्या रेघा बघा.

आता इंदूरची गंमत. नर्मदेचं पाणी त्या मानाने हलकं. बोरिंगचं जड, त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाचा जोर खातं. टाकीत बोरिंग असेल त्या दिवशी 10-15 मिली वाढवा. एकच माप दोन्हीला चालत नाही.

साचलेला थर काढायला रिकामा ड्रम 60 अंशांवर, पावडरशिवाय. पावडरचा कप्पा बाहेर काढून ब्रशने घासा, फिल्टरही.